पर्यायी जागेचा पूर्ण पत्ता

माणसं कोंडून ठेवायला आमच्या वसाहतीने आपला स्वतःचा हॉल सरकारला आपण होऊन देऊ केला, आणि त्या अर्जावर एकशे चौसष्ट रहिवाशांच्या सह्या आहेत. अर्ज मी लिहिला. अक्षर माझंच आहे, नाकारण्यात अर्थ नाही. आमच्या भागात इतकं वळणदार अक्षर दुसऱ्या कुणाचं नाही, आणि हे मी म्हणत नाही, अर्ज घेणाऱ्या कचेरीतला कारकून म्हणाला. पुढे जे झालं त्याला लोक मला जबाबदार धरतात. धरोत. मी पाण्याचे पंप दुरुस्त करतो, शाळा नववीत सुटली, आणि वर्तमानपत्रात माझी सात पत्रं छापून आलेली आहेत. ज्यांचं एकही आलेलं नाही, त्यांच्याकडून मी शहाणपण ऐकून घेत नाही.

सुरुवात झाली मोज्यांच्या कारखान्यापासून. आमच्या मागच्या भिंतीला लागून हा कारखाना आहे, सहा वर्षं बंद. एका सोमवारी त्याच्या फाटकावर नोटीस लागली. 'वैध कागदपत्रांविना वास्तव्य करणाऱ्या परकीय व्यक्तींसाठी सदर इमारतीत निवारा केंद्र प्रस्तावित असून, परिसरातील रहिवाशांनी आपल्या हरकती व सूचना पंधरा दिवसांत सादर कराव्यात.' मी दोनदा वाचली. निवारा म्हणे. ज्या निवाऱ्याचं कुलूप बाहेरून लागतं त्याला आमच्यात वेगळा शब्द आहे, पण तो लिहायची सरकारला लाज वाटली असावी. एवढी तरी लाज शिल्लक आहे, हे बरंच म्हणायचं.

संध्याकाळी हॉलमध्ये सभा भरली. पाणी आठवडाभर येत नव्हतं तेव्हाच्या सभेला अकरा माणसं होती. या सभेला खुर्च्या पुरल्या नाहीत. अध्यक्ष वीज खात्यातून निवृत्त झालेत. बोलायच्या आधी मीटरचं रीडिंग घेतल्यासारखे एकेकाच्या तोंडाकडे डोळे बारीक करून बघतात. म्हणाले, "हरकत घ्यायची यावर दुमत नाही. कशाची घ्यायची ते ठरवू."

"पार्किंगची घ्या," दातांचे डॉक्टर म्हणाले. ते तिसऱ्या मजल्यावर राहतात. "पोलिसांच्या गाड्या येणार. त्या लागणार कुठे? माझ्या गाडीच्या जागेवर."

"फ्लॅटचे भाव पडतील ते लिहा की," मागून कुणीतरी म्हणालं.

"असं उघड लिहायचं नसतं," बँकवाले म्हणाले. हे बँकेत कर्जविभागात होते आणि सगळ्या जगाकडे बुडीत खातं म्हणून बघतात. "'परिसराचं स्वरूप बदलेल' असं लिहायचं असतं. अर्थ तोच, पण तोंड धुतलेला."

डॉक्टर पुन्हा उठले. "हे बघा, माझा त्या लोकांना विरोध नाही. माझा जागेला विरोध आहे. दुसरीकडे कुठेही करा."

"कुठेही म्हणजे कुठे?" मी विचारलं.

"तुम्ही पत्र लिहा हो. भूगोल कशाला शिकवता?"

पत्र माझ्याकडे आलं ते असं. मी तिथेच सांगून टाकलं की पार्किंगसाठी मी लेखणी उचलणार नाही. लिहीन तर माणसाच्या बाजूने लिहीन. कुणीच विरोध केला नाही, कारण एव्हाना सगळे उठून बिस्किटांकडे गेले होते.

तीन दिवस खपून मी चार पानं लिहिली. घरी वाचून दाखवली. बायको भाजी निवडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माणुसकी नऊ वेळा आली."

"मग? कमी पडली का?"

"एकदा काढा तरी. बाकीच्या आठ जणींना श्वास घेता येईल."

साहित्याची जाण हा वेगळा विषय आहे. त्यावरून आमच्या घरात भांडणं होत नाहीत, कारण मी लगेच दुसऱ्या खोलीत जातो.

सह्या गोळा करणं हे पंप दुरुस्त करण्यापेक्षा सोपं निघालं. पंप निदान आवाज करतो. आमच्या लोकांनी चारातलं एक पानही न उलटता सह्या केल्या. डॉक्टरांनी तर पेशंटच्या तोंडात हात असताना डाव्या हाताने केली. दीड दिवसात एकशे चौसष्ट. उरलं होतं फक्त वसाहतीच्या फाटकाजवळचं शिलाईचं दुकान.

हे दुकान मास्तरांचं. माझ्या सगळ्या पँटी त्यांनीच शिवलेल्या. पण गेलं जवळजवळ वर्षभर मशीनवर मास्तरीणबाईच बसायच्या. मास्तर कुठे, असं विचारलं की म्हणायच्या, गावाला गेलेत. आम्ही म्हणायचो, बरं. अकरा महिने माणूस गावाला काय करतो, हा प्रश्न एकशे चौसष्टांपैकी एकालाही पडला नाही, आणि त्यात मी पहिला.

"सही हवी होती," मी म्हटलं.

"कशावर?" त्यांचे पाय मशीनवर चालूच होते.

मी पहिलं पान वाचून दाखवलं. आवाज जरा लावूनच वाचलं. 'माणसांना डांबणारी ही जागा आमच्या दाराशी नको' या वाक्यावर मशीन थांबलं. मला वाटलं, वाक्य लागलं.

"दाराशी नको, मग कुठे?"

"तो सरकारचा प्रश्न."

"सरकारने सोडवलाय तो, भाऊ. इथून दोन दिवसांच्या वाटेवर सोडवलाय. आमचे मास्तर तिथेच आहेत."

मी कागद खाली केला. त्यांनी दोरा तोडला आणि सांगितलं, भाजीचा हिशेब सांगावा इतक्या शांतपणे. मास्तर बावीस वर्षांपूर्वी सीमेपलीकडून आले. बाई स्वतः इथल्याच. राहण्याचा परवाना मास्तर दर दोन वर्षांनी वाढवून घेत. या वेळीही अर्ज दिला, पण परवान्याच्या कचेरीने जागा बदलली त्यात अर्ज गहाळ झाला, पावती कारकुनाने 'नंतर देतो' म्हणून दिलीच नव्हती. कचेरी म्हणते अर्ज आलाच नाही. मग एक दिवस दोन माणसं कापड दाखवायला आल्यासारखी आली आणि मास्तरांना घेऊन गेली.

"आधी रेल्वे, मग दोन बस बदलायच्या. शेवटचे सहा किलोमीटर चालत, तिकडे बसच जात नाही," त्या म्हणाल्या. "महिन्यातून एक भेट, वीस मिनिटं, काचेपलीकडून. हे केंद्र मागच्या भिंतीपलीकडे आलं, तर मला रोज निदान भिंतीशी उभं राहता येईल. मी सही करणार नाही, भाऊ. राग मानू नका. चहा घेणार?"

राग आला. खोटं कशाला बोलू. माझी चार पानं, नऊ माणुसक्या, आणि ज्या एका माणसाला त्यांची गरज, त्यानेच त्या परत केल्या. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग पत्र बदला."

"चार पानं झालीत, शिवाय सह्या झाल्यात."

"तेही खरं. चार पानं झालीत तर माणूस राहू दे तिथेच."

पत्र मी बदललं नाही. दुसऱ्यांच्या चुका मी तोंडावर सांगतो, तर ही माझीही लिहून टाकतो: मला माझी वाक्यं आवडली होती.

कचेरीत खिडकी क्रमांक तीनवर कारकुनाने पत्र हातात न घेताच सांगितलं की साध्या कागदावर चालत नाही. हरकतीसाठी नमुना अ, सूचनेसाठी नमुना ब, तीन प्रती, पत्र सोबत जोडायचं.

"नमुना अ द्या."

"अ संपले. ब भरपूर आहेत."

"मग हरकत घ्यायची कशी?"

"ब घ्या, वरचा मथळा खोडा, 'हरकत' लिहा. सगळे तसंच करतात."

मी बाकावर बसलो. नमुन्यात चौदा रकाने. आता, ज्यांच्या शाळा पुऱ्या झाल्यात ते लोक अर्ज भरताना रकाने सोडून देतात. मी सोडत नाही. ज्याला नववीत बाहेर काढलं त्याने एकही रकाना रिकामा ठेवू नये, असं माझं तत्त्व आहे. रकाना चार होता, 'जागेचा पूर्ण पत्ता'. वसाहतीचा पत्ता लिहिला. पाच, 'उपलब्ध बांधकाम व क्षेत्रफळ'. आमच्याकडे उपलब्ध बांधकाम एकच, हॉल. चौदाशे चौरस फूट. सहा, 'मालकाची संमती आहे काय?' आता एकशे चौसष्ट सह्या जोडल्यावर संमती नाही असं कोण लिहील? 'आहे' असं ठसठशीत लिहिलं. कारकून प्रती घेताना म्हणाला, "अक्षर फार सुंदर आहे हो तुमचं." मी तरंगतच पायऱ्या उतरलो.

'पर्यायी जागेची सूचना' हा मथळा मी फक्त पहिल्या प्रतीवर खोडला होता. दुसरी आणि तिसरी तशीच राहिली. आणि कचेरीने दुसरी-तिसरी ठेवून घेतली. पहिली पोच म्हणून शिक्का मारून मला परत दिली. म्हणजे सरकारदरबारी नोंदलेली आमची एकमेव हरकत माझ्या शर्टाच्या खिशात होती.

नवव्या दिवशी अध्यक्ष माझ्या दुकानात आले. मी एका पंपाचं पोट उघडून बसलो होतो. त्यांनी उभ्याउभ्याच वाचलं. "'निवारा केंद्रासाठी आपल्या संस्थेने स्वेच्छेने व एकमताने देऊ केलेल्या पर्यायी जागेबद्दल शासन आभारी आहे. गुरुवारी सकाळी अकरा वाजता पाहणी करण्यात येईल.'" मग कागद खाली करून माझं रीडिंग घेतलं. "एकमताने," ते म्हणाले. "बावीस वर्षं अध्यक्ष आहे. या वसाहतीत एकमत झालेलं मी पाहिलं नव्हतं. ते तुम्ही घडवलंत."

त्या संध्याकाळच्या सभेत मला काय काय म्हटलं गेलं ते मी लिहीत नाही. या लोकांना उद्या माझ्याकडेच पंप आणायचे आहेत. अर्ज मागे घ्यायला नमुना क लागतो आणि तो पाहणीनंतरच मिळतो, हे बँकवाले चौकशी करून आले होते. तेव्हा उपाय एकच उरला. हॉल नापास व्हायला हवा.

"घाण करून ठेवू," डॉक्टर म्हणाले. "कचरा टाका, नळ गळता ठेवा, खुर्च्या मोडक्या मांडा. माणसं ठेवायच्या लायकीचा नाही असं दिसलं पाहिजे." ठराव झाला. हा एकमताचा दुसरा प्रसंग, पण त्याचं श्रेय मला कुणी दिलं नाही.

आमच्या लोकांबद्दल एक गोष्ट सांगतो. त्यांना वाईट वागा म्हटलं तर वागतील; पण बाहेरचं माणूस घर बघायला येणार म्हटलं, की त्यांना घाण सहन होत नाही. बुधवारी ठरावाप्रमाणे कचऱ्याच्या दोन बादल्या हॉलमध्ये ओतल्या. गुरुवारी सकाळी सातला अध्यक्षांच्या सौभाग्यवतींनी डोकावून बघितलं आणि फक्त तेवढाच कचरा झाडून काढला, कारण सरकारी बाई येणार आणि काय म्हणतील. आठला डॉक्टरांच्या आईंनी फरशी पुसली. पावणेनऊला कुणीतरी जाळी काढली. गळका नळ, जो चार वर्षं मी फुकट दुरुस्त करून देतो म्हणत असूनही मला कुणी हात लावू दिला नव्हता, तो बँकवाल्यांनी स्वतः कापडाने बांधून थांबवला. प्रत्येकाला वाटलं, एवढं आपण केलं तर काय बिघडतं. साडेदहाला हॉल इतका लखलखीत झाला, की मी चपला बाहेर काढल्या. टेबलावर ट्रेमध्ये कपबशा. आणि मास्तरीणबाई स्टुलावर चढून पडदे लावत होत्या. ते अध्यक्षांनी दीड वर्षापूर्वी शिवायला टाकले होते आणि आज सकाळी घाईने मागवले होते.

अधिकारी मॅडम बरोबर अकराला आल्या. चष्मा, हातात फाइल, चालून चालून झिजलेल्या चपला. हॉल बघून थबकल्या. "मी एकतीस जागा पाहिल्या," त्या म्हणाल्या. "इतकी चांगली एकही नव्हती." डॉक्टरांच्या आईंच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो बघून डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

मॅडमच्या टेपचं टोक तुटलेलं होतं, धरायला माणूस हवा होता. मास्तरीणबाई स्टुलावरून उतरल्या. गळ्यात स्वतःची टेप होतीच. "मी धरते," म्हणाल्या, आणि बघता बघता मापं त्याच घेऊ लागल्या. "रुंदी अठ्ठावीस फूट चार इंच. लांबी पन्नास. लिहिलंत?"

"लिहिलं."

"किती माणसं ठेवणार यात?"

"नियमाप्रमाणे साठ बसतात."

"बसतील. झोपणार नाहीत."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. मास्तरीणबाईंनी पिशवीतून वही काढली. गिऱ्हाइकांच्या मापांची वही. माझी कंबरही त्यात आहे आणि ती कुणी बघू नये. त्यांनी मागून पानं उलटली.

"आता जिथे ठेवता तिथली मापं ही. दोन खाटांमध्ये अंतर एक वीत. मास्तरांची वीत नऊ इंच. खिडकी जमिनीपासून सात फूट. मास्तर पाच फूट पाच. खिडकीतून काही दिसत नाही, उजेड आहे की नाही एवढं कळतं. संडास बेचाळीस माणसांत तीन, एकाला कडी नाही. अंगणात फिरायची जागा लांबीला अठरा पावलं, दिवसातून अर्धा तास."

"ही मापं कुठून मिळाली तुम्हाला?"

"आत टेप नेऊ देत नाहीत. मास्तर वितीने आणि पावलाने मोजतात, भेटीत सांगतात, मी लिहिते. बत्तीस वर्षं कापड मोजलेला माणूस आहे. अर्धा इंच इकडचा तिकडे होणार नाही." त्यांनी पान उलटलं. "ही त्यांची छाती. गेले तेव्हा अडतीस. तिसऱ्या भेटीत सदतीस. मग छत्तीस. गेल्या भेटीत साडेचौतीस. ही काचेतून नजरेने घेतलीत, त्यामुळे पाव इंच सोडून द्या. दर वेळी त्या मापाचा सदरा शिवून नेते. मागचा ढगळ होतो."

हॉलमध्ये पस्तीसेक माणसं होती. अध्यक्षांच्या हातात चहाचा ट्रे होता, तो त्यांनी हळूच टेबलावर ठेवला. बाईंचा आवाज जराही हलला नव्हता. मी आयुष्यात पुष्कळ पत्रं लिहिली, सभांमध्ये टेबलं आपटली, मंत्र्याला भर चौकात जाब विचारला. असं एक पान मला लिहिता आलं नाही. तिथे माणुसकी हा शब्द एकदाही नव्हता.

मॅडमनी विचारलं, "हे कुणाला लेखी दिलंय?"

"चौदा अर्ज दिले. एकाचंही उत्तर नाही."

"कोणत्या नमुन्यात?"

"साध्या कागदावर."

मॅडमनी फाइल मिटली. मग माझ्याकडे न बघता, पण मला चांगलंच ऐकू येईल असं म्हणाल्या, "साध्या कागदाला उत्तर देण्याचं बंधन नाही. हरकतीलाही नाही, ती नुसती नोंदवतात. जागा देऊ करणाऱ्याला मात्र नऊ दिवसांत उत्तर आणि मग लगेच पाहणी, असा आदेश आहे."

म्हणजे बघा. माणूस सोडा म्हणून चौदा वेळा लिहिणारीला उत्तर नाही, आणि माणसं कोंडायला हॉल घ्या म्हणून चुकून लिहिणाऱ्याचे नऊ दिवसांत आभार. हे कुणी मुद्दाम ठरवलं असेल तर तो हरामखोर आहे, आणि आपोआप असं झालं असेल तर आपण सगळे.

हॉलचा निकाल मॅडमनी जाताना सांगितला. एकच दार आहे, दुसरं नाही, नापास. सुटलो म्हणून कुणी तरी नाचेल असं मला वाटलं होतं. पण सगळ्यांची तोंडं पडली. "एवढ्याशा दारासाठी?" अध्यक्ष म्हणाले. डॉक्टरांच्या आई तर दोन दिवस मॅडमविषयी कडू बोलत होत्या.

दुसऱ्या दिवशी मास्तरीणबाई माझ्या दुकानात आल्या. हातात नमुना ब, तिन्ही प्रती.

"यात जागा किमान केवढी हवी असं कुठेही लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "चौदाही रकाने वाचले. मागची बाजूही वाचली. मागे बारीक अक्षरात आणखी सहा अटी आहेत. तुम्ही वाचल्या होत्या?"

"मागे काही आहे?"

"अक्षर तुमचं चांगलं आहे असं सगळे म्हणतात. तेवढं तुम्ही द्या. वाचायचं मी बघते."

मी हात पुसून पेन काढलं. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. जागेचा पूर्ण पत्ता: शिलाईच्या दुकानामागची खोली. क्षेत्रफळ: दहा बाय अकरा. दारं: दोन. खिडकी: जमिनीपासून साडेतीन फूट. संडास: एक, कडीसह. मालकाची संमती: आहे. क्षमता: एक.

"आणि कोणाला ठेवणार ते?" मी विचारलं.

"तो रकाना नाही. सोबत जोडायच्या पत्रात लिहा. दोन ओळी. जास्त नको."

त्या दोन ओळी लिहायला मला चार पानांपेक्षा जास्त वेळ लागला.

नवव्या दिवशी मॅडम पुन्हा आल्या. खोली मोजली. दोन्ही दारं उघडून बंद करून बघितली. मग फाइलमधून एक पिवळा पडलेला कागद काढला. असा नियम आहे म्हणाल्या, जुनाच आहे: ज्याच्या परवान्याचा वाद चालू आहे त्याला ठरलेल्या पत्त्यावर राहता येतं, दर आठवड्याला हजेरी द्यायची, आणि शेजारच्या पाच घरांतल्या पाच जणांनी जामीन राहायचं. "मला तरी शोधायला आठ दिवस लागले," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्षांत कुणी मागितलाच नव्हता."

"मागितला नव्हता की सांगितला नव्हता?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"सांगितला नव्हता," मॅडम म्हणाल्या. सरकारी माणसाच्या तोंडून एवढं सरळ वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

आता पाच जामीन. मी पुन्हा सभा बोलावली आणि भाषण ठोकलं. भाषण पडलं. जे एकशे चौसष्ट जण चार पानं न वाचता सही करून मोकळे झाले होते, ते आता एका पानाची ओळ न् ओळ वाचू लागले. पहिली सही माझी. दुसरी बायको करायला निघाली तर एका घरात एकच असा नियम. "त्यांची खोडा आणि माझी घ्या," ती म्हणाली, "माझ्यावर जास्त विश्वास ठेवतील." ते खोडाखोडीला परवानगी नसल्यामुळे राहून गेलं.

दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाई ड्यूटीवरून येत होत्या. "कुठे?" एवढंच विचारलं, कागद भिंतीला टेकवून सही केली आणि झोपायला गेल्या. डॉक्टर बराच वेळ खुर्चीत चुळबुळ करत होते. शेवटी म्हणाले, "मास्तरांचे खालचे दोन दात मी बसवलेत. पाच वर्षांची हमी दिलीय. माणूसच इथे नसेल तर माझी हमी काय कामाची?" आणि सही केली, या वेळी उजव्या हाताने.

अध्यक्षांनी कुणाचंही रीडिंग घेतलं नाही. फरशीकडे बघत म्हणाले, "दिवसातून चार वेळा त्या दुकानावरून जातो. मास्तर कधी येणार, असं एकदासुद्धा विचारलं नाही मी. आणा इकडे."

चार झाल्या. पाचवी मिळेना. बँकवाले म्हणाले, "जामिनावर सही करणाऱ्यांचे हाल मी तीस वर्षं बघितलेत. कागद द्या, वाचतो." कागद दोन दिवस ठेवून घेतला. ते दोन दिवस मास्तरीणबाई मशीनवर होत्या, पण दुकानासमोरून जाताना आवाज यायचा तो मधेच थांबणारा. मला वाटलं, गेलं. तिसऱ्या दिवशी बँकवाले कागद आणि अकरा प्रश्नांची यादी घेऊन शिलाईच्या दुकानात आले, मीही तिथेच होतो. मास्तर पळून गेले तर? आजारी पडले तर? हजेरी चुकली तर? बाईंनी अकराच्या अकरा उत्तरं दिली, प्रत्येक वेळी मागच्या बाजूचं कलम दाखवून. बँकवाले माझ्याकडे वळून म्हणाले, "नोकरीत असताना असं एक गिऱ्हाईक भेटलं असतं, तर माझे केस राहिले असते." आणि सही केली.

कारखान्याचं अजून ठरलेलं नाही. मी नवा अर्ज दिलाय, नमुना अ, आता ते आलेत. त्यात 'आमच्या दाराशी' हे शब्द नाहीत. कुठल्याच दाराशी नको, असं लिहिलंय. नोंदवला म्हणे.

तीन आठवड्यांनी, मंगळवारी दुपारी, जाळीची गाडी फाटकाशी थांबली. वसाहतीत त्या वेळी सगळ्यांनाच खाली काहीतरी काम निघालं होतं. डॉक्टर गाडी पुसत होते. अध्यक्ष नोटीस बोर्डावरची गेल्या वर्षीची नोटीस मन लावून वाचत होते. हवालदार उतरला, त्याच्या मागून मास्तर. हातात प्लास्टिकची पिशवी. अंगातला सदरा मापात होता, पण मास्तर कमी झाले होते.

हवालदाराने एक कागद पुढे केला. "माणूस मिळाल्याची पावती. इथे सही करा, बाई." मी तत्परतेने पेन दिलं. मास्तरीणबाईंनी पेन घेतलं आणि कागद वरपासून वाचायला सुरुवात केली.

"नुसती सही करा हो," हवालदार म्हणाला, "अजून दोन ठिकाणी जायचंय."

"पावतीवरनंच आमचं एवढं झालं," त्या म्हणाल्या. "वाचू द्या."

मास्तर दुकानाच्या दाराबाहेर उभे होते. आत या असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि वर्षभरात हुकूम झाल्याशिवाय दारातून जायची त्यांची सवय सुटली होती. मास्तरीणबाईंनी कागदावरून नजर न उचलता पायाने स्टूल त्यांच्याकडे सरकवलं. मास्तर थोडा वेळ स्टुलाकडे बघत राहिले. मग आत आले. बसले नाहीत. मशीनवर एक झंपर अर्धवट पडला होता, तो त्यांनी उचलला, उजेडाला धरला, बाहीच्या शिवणीवरून अंगठा फिरवला.

"ही बाही कुणी लावली?"

"मी."

"ओढ बसलीय खांद्याला."

"मग उसवा," मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि कागद उलटून मागची बाजू वाचू लागल्या.